गाडीचे कुलूप, अलार्म आणि त्यामधली वायर
- प्रतिनिधी

रिमोटचे बटण दाबावे, दिवे एकदोनदा लुकलुकावेत आणि चारही दारे एकाच वेळी ‘खट्’ आवाज करून बंद व्हावीत, ही सोय शहरातील वाहनधारकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, त्यामागे नेमके काय घडते याचा विचार सहसा कुणी करीत नाही. वरच्या श्रेणीतील नव्या मोटारींना ही यंत्रणा कारखान्यातूनच बसवून येते. परंतु कमी किमतीच्या श्रेणीतील गाड्यांना आणि जुन्या बाजारात हात बदलणाऱ्या गाड्यांना ती आजही बाहेरच्या दुकानात बसवून घेतली जाते. ग्राहक डबा आणि रिमोट पाहून यंत्रणा पसंत करतो, कारागीर डॅशबोर्डखाली शिरतो, दोन-तीन तासांत काम उरकते आणि भोंगा वाजवून दाखविला की व्यवहार पूर्ण होतो. मात्र त्या दोन-तीन तासांत कोणती वायर कुठे जोडली गेली, यावर गाडीची आणि तिच्यात बसणाऱ्यांचीही सुरक्षितता अवलंबून असते. दार बाहेरच्या माणसाला न उघडणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते आतल्या माणसाला उघडता येणे महत्त्वाचे. अलार्म आणि कुलूप यांची जोडणी समजून घ्यायची ती यासाठी.

दोन स्वतंत्र यंत्रणा

अलार्म आणि सेंट्रल लॉकिंग या मुळात दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. सेंट्रल लॉकिंगमध्ये प्रत्येक दाराच्या पत्र्याआड एक छोटी मोटर असते. तिला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. या मोटरची कांडी कुलपाच्या सळईला जोडलेली असते. प्रवाह एका दिशेने सोडला की कांडी खाली जाते व कुलूप लागते. प्रवाहाची दिशा उलटी केली की कांडी वर येते आणि कुलूप उघडते. हे काम क्षणभराचे असते. साधारणपणे पाऊण सेकंदाचा प्रवाह त्यासाठी पुरतो. त्यानंतर मोटर मोकळी होते आणि दाराची खुंटी हातानेही वरखाली करता येते.

बाजारात मिळणाऱ्या संचांत दोन प्रकारचे अ‍ॅक्च्युएटर असतात. इतर दारांसाठी दोन वायरींचा आणि चालकाच्या दारासाठी पाच वायरींचा. पाचपैकी दोन जाड वायरी मोटरच्या असतात. उरलेल्या तीन बारीक वायरी आतील स्विचच्या असतात. चालकाने आपल्या दाराचे कुलूप किल्लीने लावले की हा स्विच कंट्रोल युनिटला तशी वर्दी देतो आणि युनिट इतर दारांना तोच हुकूम पोहोचविते.

अलार्मचे काम यापेक्षा निराळे आहे. धक्का ओळखणारा सेन्सर, दार उघडल्याची खबर देणारा स्विच, भोंगा, दिव्यांची जोडणी आणि इंजिन सुरू होऊ न देणारा इममोबिलायझर हा त्याचा परिवार होय. कुलूप लावण्याची शक्ती त्याच्यात स्वतःहून नसते. रिमोटचा संदेश मिळाला की तो फक्त पाऊण सेकंदाचा एक इशारा बाहेर सोडतो. हा इशारा कुलपाच्या यंत्रणेला तिला समजेल अशा रूपात पोहोचविणे, हाच या जोडणीचा गाभा आहे.

रिलेची भूमिका

हा इशारा पोहोचविण्याचे काम रिले करतो. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. त्याच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यातून अगदी थोडा प्रवाह गेला की लोहचुंबक तयार होते आणि ते जाड प्रवाहाचा संपर्क एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ओढते. मोटारीत वापरल्या जाणाऱ्या रिलेच्या पायांवर ठरावीक आकडे छापलेले असतात. ८५ आणि ८६ हे वेटोळ्याचे पाय. ३० हा सामाईक पाय. विश्रांतीच्या स्थितीत ३० चा संपर्क ८७ए शी असतो. वेटोळ्याला वीज मिळताच तो ८७ शी जुळतो. कुलूप लावण्यासाठी एक आणि उघडण्यासाठी एक असे दोन रिले लागतात. बहुतेक अलार्मच्या डब्यात ते आधीच बसविलेले असतात आणि प्रत्येकाचे तीन पाय तीन रंगांच्या वायरींनी बाहेर काढलेले असतात. या सहा वायरी कशाही जोडता येतात, हे त्यांचे सामर्थ्य आहे. त्या चुकीच्या जोडता येतात, हा त्यातला धोका आहे.

जोडणीचे प्रमुख प्रकार

पहिला आणि सर्वांत सोपा प्रकार निगेटिव्ह इशाऱ्याचा. गाडीत स्वतःचे कंट्रोल युनिट असते आणि त्याच्या बारीक वायरीला क्षणभर बॉडी अर्थ मिळाला की ते कुलूप लावते. अशा गाडीत अलार्मच्या रिलेचा सामाईक पाय बॅटरीच्या निगेटिव्हला जोडतात आणि ८७ ची वायर त्या बारीक वायरीला समांतर जोडतात. गाडीची मूळ वायर कुठेही तोडावी लागत नाही. बाजारातील बहुतेक सेंट्रल लॉकिंग संचही याच पद्धतीने चालतात.

दुसरा प्रकार पॉझिटिव्ह इशाऱ्याचा. इथे कंट्रोल युनिटला अर्थऐवजी १२ व्होल्टचा इशारा हवा असतो. त्यामुळे सामाईक पाय फ्यूजमार्गे बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडतात. बाकी जोडणी तशीच राहते.

तिसरा प्रकार उलट ध्रुवतेचा, म्हणजे रिव्हर्स पोलॅरिटीचा. यात मध्ये कंट्रोल युनिट नसते. दारावरचा स्विचच मोटरला थेट प्रवाह देतो. विश्रांतीच्या वेळी मोटरच्या दोन्ही वायरी स्विचमधून अर्थला टेकलेल्या असतात. बटण दाबले की त्यांपैकी एका वायरीवर १२ व्होल्ट येतात, दुसरी अर्थलाच राहते आणि मोटर फिरते. अशा गाडीत अलार्म जोडायचा तर दोन्ही वायरी तोडून प्रत्येकीच्या मध्ये एक रिले बसवावा लागतो. मोटरकडे जाणारे टोक ३० ला, स्विचकडून येणारे टोक ८७ए ला आणि फ्यूजमधून आलेला पॉझिटिव्ह ८७ ला. एरवी स्विचचा मार्ग ८७ए मधून चालू राहतो आणि अलार्मने इशारा दिला तरच तो क्षणभर तुटतो.

याशिवाय काही गाड्यांत एकाच वायरीतून वेगवेगळ्या रोधाच्या साह्याने लावण्याचा व उघडण्याचा इशारा दिला जातो. काही जुन्या मर्सिडीज गाड्यांत विजेच्या मोटरऐवजी हवेच्या निर्वात दाबावर कुलपे चालत. त्यांना पाऊण सेकंदाचा इशारा पुरत नाही, सुमारे साडेतीन सेकंदांचा लागतो.

मीटर खोटे बोलत नाही, पण…

गाडी कोणत्या प्रकारात मोडते हे वायरीच्या रंगावरून ठरविण्याची सवय अनेक कारागिरांना असते. रंग कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतात. त्यामुळे डिजिटल मल्टिमीटर लावून मोजणे हाच खात्रीचा मार्ग आहे. बारीक वायरीवर एरवी काही व्होल्ट दिसत असतील आणि कुलूप लावताना ते शून्यावर येत असतील, तर गाडी निगेटिव्ह इशाऱ्याची. एरवी शून्य आणि कुलूप लावताना १२ व्होल्ट दिसत असतील, तर ती पॉझिटिव्ह इशाऱ्याची असावी.

‘असावी’ म्हणण्याचे कारण महत्त्वाचे आहे. मोटरच्या जाड वायरीवरही नेमके हेच आकडे दिसतात. एरवी शून्य आणि कुलूप लावताना १२. येथेच घोटाळा होतो. मोटरच्या वायरीला पॉझिटिव्ह इशाऱ्याची वायर समजून अलार्मचा १२ व्होल्टचा इशारा सरळ जोडला, तर तो इशारा अर्थला टेकलेल्या वायरीवर पडतो. याचाच अर्थ शॉर्टसर्किट. फ्यूज असेल तर तो वितळतो आणि प्रकरण तिथेच थांबते. तो नसेल, किंवा सतत उडतो म्हणून कुणी त्याच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज अथवा साधी तार घातली असेल, तर प्रवाह वायरीतच उष्णता निर्माण करतो. वायरीचे आवरण वितळते. आसपासच्या वायरी, गालिचा आणि डॅशबोर्डचा प्लॅस्टिकचा भाग पेट घेऊ शकतो.

हा फरक ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. वायरीवर व्होल्ट नसताना तिच्यात आणि गाडीच्या पत्र्यात किती रोध आहे ते मोजायचे. तो शून्याच्या अगदी जवळ असेल तर वायर मोटरच्या मार्गातील समजावी आणि मध्ये रिले घातल्याखेरीज तिला हात लावू नये. रिलेच्या वेटोळ्याकडे जाणारी वायर असेल तर हा रोध काही दशक ओहमांचा भरतो आणि इलेक्ट्रॉनिक युनिटकडे जाणारी असेल तर त्याहून बराच अधिक.

बल्ब लावलेली टेस्टर सुई घेऊन वायरी टोचत जाण्याची पद्धत जुन्या गाड्यांत खपून जात असे. बल्ब स्वतः बराच प्रवाह ओढतो. त्यामुळे आजच्या इलेक्ट्रॉनिक युनिटला इजा होऊ शकते. पिवळ्या आवरणातील वायरी आणि पिवळे कपलर ही बहुतेक गाड्यांत एअरबॅगची खूण असते. त्यांना कोणत्याही कारणाने टोचणे, तोडणे वा जोडणे धोक्याचे आहे.

दार उघडले की नाही, हे अलार्मला कसे कळते?

कुलपाच्या वायरींइतकीच आणखी एक वायर महत्त्वाची आहे. ती म्हणजे दाराच्या चौकटीतील स्विचची. दार उघडले की छतावरचा दिवा लागतो तो याच स्विचमुळे. अलार्मही याच वायरीवरून दार उघडले की नाही हे ताडतो.

बहुतेक अलार्ममध्ये आपोआप पुन्हा कुलूप लावण्याची सोय असते. रिमोटने कुलूप उघडले आणि ठरावीक वेळेत, बहुधा अर्ध्या मिनिटात, एकही दार उघडले गेले नाही, तर चुकून बटण दाबले गेले असावे असे गृहीत धरून अलार्म सर्व दारे पुन्हा बंद करतो. सोय चांगली आहे, पण ती सर्व दारांचे स्विच अलार्मला नीट जोडलेले असतील तरच. घाईत काम उरकताना अनेकदा फक्त चालकाच्या दाराचा स्विच जोडला जातो. अशा वेळी एखाद्या आईने रिमोटने दारे उघडली, मागचे दार उघडून मुलाला आसनावर बसविले, पर्स व किल्ली तिथेच ठेवून दार लोटले आणि ती पिशव्या ठेवण्यासाठी डिकीकडे वळली, तर अलार्मच्या लेखी दार उघडलेच गेलेले नाही. अर्धे मिनिट संपताच चारही कुलपे लागतात. मूल आत, किल्ली आत आणि आई बाहेर.

बंद गाडीतील तापमान किती झपाट्याने वाढते, याचा अभ्यास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वैद्यकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. उन्हात उभ्या गाडीत तासाभरात तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढते आणि त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, असे त्यात आढळले. बाहेरची हवा तुलनेने थंड असतानाही ही वाढ जवळपास तेवढीच होती. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा डोळ्यांपुढे आणला की याचे गांभीर्य वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. लहान मुले असलेल्या कुटुंबांनी आपोआप कुलूप लावण्याची ही सोय बंद करून घेणे श्रेयस्कर. बहुतेक अलार्ममध्ये तसा पर्याय असतो.

अपघाताच्या क्षणी

अनेक आधुनिक गाड्यांत एअरबॅग उघडताच तिचे नियंत्रण युनिट कुलपांना उघडण्याचा संदेश देते, जेणेकरून मदतीला धावलेल्यांना दार उघडता यावे. वेग वाढताच दारे आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत तर ही तरतूद अत्यावश्यक ठरते. बाहेरचा अलार्म समांतर जोडलेला असेल तर या संदेशाच्या मार्गात सहसा अडथळा येत नाही. परंतु मूळ वायर तोडून तिच्या मध्ये अलार्मचा रिले बसविला असेल, तर कारखान्याचा प्रत्येक हुकूम त्या रिलेच्या ८७ए संपर्कातूनच जातो. हलक्या दर्जाच्या रिलेचा हा संपर्क गंजला किंवा जळला, की दारावरचा स्विच आणि अपघाताच्या वेळचा संदेश दोन्ही निष्प्रभ होतात. याउलट ८७ चा संपर्क चिकटून बसला तर मोटरला अखंड प्रवाह मिळत राहतो, ती तापते आणि आतून खुंटी वर ओढणेही कठीण जाते.

केंद्र सरकारने १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना सेंट्रल लॉकिंग हाताने उघडण्याची सोय अनिवार्य केली, ती अशाच प्रसंगांसाठी. भाडोत्री प्रवासी मोटारींच्या दारांना चाइल्ड लॉक नसावे, हा नियमही त्याच तारखेपासून लागू झाला. कारखान्याने पाळलेला हा नियम बाहेरच्या जोडणीने मोडीत निघणार नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र गाडीच्या मालकावरच येते.

नव्या गाड्या, नवी भाषा

आजच्या अनेक गाड्यांत दारावरच्या बटणातून मोटरकडे सरळ वायर जातच नाही. बटणाचा संदेश बॉडी कंट्रोल मॉड्युल या छोट्या संगणकाकडे जातो आणि गाडीतील असे अनेक संगणक ‘कॅन’ नावाच्या संपर्कजाळ्यावरून एकमेकांशी बोलतात. ‘बॉश’ या जर्मन कंपनीने हे तंत्र १९८६ मध्ये जगापुढे आणले. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरींतून अंकांच्या रूपात संदेश धावत असतात. तिथे १२ व्होल्टचा इशारा जोडणे म्हणजे टेलिफोनच्या तारेत घरातील वीज सोडण्यासारखे आहे. कुलूप तर लागणार नाहीच, उलट महागडे मॉड्युल निकामी होण्याची शक्यता अधिक. अशा गाड्यांसाठी त्या-त्या मॉडेलकरिता बनविलेले इंटरफेस मॉड्युल किंवा मूळ कपलरमध्ये तसेच बसणारे हार्नेस वापरणे हाच योग्य मार्ग होय.

कुलूप अलार्मला जोडले की रिमोट हीच गाडीची किल्ली बनते, हेही ध्यानात ठेवावयास हवे. स्वस्त अलार्मचा रिमोट दर वेळी एकच सांकेतिक क्रमांक पाठवितो. तो हवेतून टिपून पुन्हा पाठविणे अवघड नाही आणि मग भोंगा न वाजता दार उघडते. दर वेळी क्रमांक बदलणारी रोलिंग कोडची पद्धत अधिक सुरक्षित आहे. तीही अभेद्य मात्र नाही. जगभरात मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या ‘कीलॉक’ या सांकेतिक पद्धतीतील दोष युरोप व इस्रायलमधील संशोधकांनी २००७ व २००८ मध्ये उघड केले होते. त्यामुळे खरेदीच्या वेळी रोलिंग कोड आहे का, हे विचारावे आणि इंजिनचा इममोबिलायझर जोडून घ्यावा. दार उघडले तरी गाडी हलू नये, ही दुसरी तटबंदी हवीच.

बॅटरी, विमा आणि हमी

अलार्म उभ्या गाडीतही जागा असतो. समजा, तो २० मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर महिनाभरात सुमारे १४ अँपिअर-तास वीज खर्ची पडते. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा ४० टक्के हिस्सा झाला. त्यामुळे महिनाभर गावी जाताना बॅटरीची काळजी घेणे आवश्यक आहे. जोडणी सदोष असेल आणि एखादा रिले सतत ओढलेला राहत असेल, तर ती काही दिवसांतच उतरते.

विम्याच्या बाबतीत २००२ च्या अखिल भारतीय मोटर दरपत्रकात एक सवलत नमूद होती. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने, म्हणजेच ‘एआरएआय’ने मान्यता दिलेले चोरीप्रतिबंधक उपकरण बसविले आणि मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनने ते प्रमाणित केले, तर वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, कमाल ५०० रुपयांची सूट मिळत असे. २००७ पासून या हप्त्याचे दर कंपन्यांवर सोपविले गेले. त्यामुळे आपली विमा कंपनी अशी सवलत देते का, हे नूतनीकरणाच्या वेळी विचारून घ्यावे. सवलतीची रक्कम छोटी आहे. बाहेरच्या जोडणीमुळे विजेचा बिघाड झाल्यास कारखान्याची हमी नाकारली जाण्याची शक्यता मात्र मोठी आहे. हमीच्या मुदतीतील गाडीला अधिकृत विक्रेत्याकडील, त्या गाडीसाठीच बनविलेली यंत्रणा बसविणे म्हणूनच अखेरीस स्वस्त पडते.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी

काम पूर्ण झाल्यावर केवळ भोंगा ऐकून परतू नये. खालील गोष्टी कारागिरासमोरच तपासून घ्याव्यात.

१) कुलूप लावण्याचा पॉझिटिव्ह कुठून घेतला आहे आणि त्याला बॅटरीजवळ माहितीपत्रकात दिलेल्या क्षमतेचा फ्यूज आहे का, ते प्रत्यक्ष पाहावे.

२) कोणती मूळ वायर तोडली, हे विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. जोड सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी चढविलेली असावी. नुसत्या पिळलेल्या आणि चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरी उष्णतेने व हादऱ्यांनी सैल होतात.

३) पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या प्रत्येक वायरीला रबरी ग्रोमेट असावे. दाराकडे जाणाऱ्या वायरी चौकटीजवळच्या मूळ रबरी नळीतूनच गेलेल्या असाव्यात.

४) चारही दारे आणि डिकी एकेक करून उघडावी. अलार्म चालू असताना प्रत्येक दार उघडल्यावर भोंगा वाजला पाहिजे. एखाद्या दाराने तो वाजत नसेल, तर त्या दाराचा स्विच जोडलेलाच नाही.

५) रिमोटने कुलूप उघडून फक्त मागचे दार उघडावे, बंद करावे आणि मिनिटभर थांबावे. दारे आपोआप बंद झाली, तर जोडणी अपुरी आहे. ही चाचणी करताना किल्ली हातातच ठेवावी.

६) स्वतः आत बसून बाहेरून रिमोटने कुलूप लावावयास सांगावे आणि प्रत्येक दार आतून उघडून पाहावे. मागची दारे तपासताना चाइल्ड लॉक बंद असावे.

७) अलार्म थांबविण्याचा गुप्त स्विच कुठे बसविला आहे, हे माहीत करून घ्यावे. रिमोटची बॅटरी संपल्यावर त्याचाच आधार असतो. किल्लीने दार यांत्रिकरीत्या उघडते ना, तेही पाहावे.

या सात चाचण्यांना पंधरा मिनिटेही लागत नाहीत. कुशल कारागीर त्या स्वतःहून करून दाखवितो. ज्याला त्या नकोशा वाटतात, त्याच्या हाती गाडीची वायरिंग सोपविण्यापूर्वी वाहनधारकाने दोनदा विचार केलेला बरा.